मेट्रनबाई पडवीत बसतात

प्रार्थनेच्या वेळी मेट्रनबाई डोळे मिटत नसत. पाळक म्हणायचे, "आपण प्रार्थना करू," की सगळी मंडळी माना खाली घालायची. पोरंटोरंसुद्धा बोटांच्या फटीतून बघत का होईना, पण डोळे झाकायची. मेट्रनबाई मात्र शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला ताठ बसून सगळं चर्च नजरेखालून घालायच्या. मला हे कळलं ते लग्न होऊन या गावात आल्यावर पहिल्याच नाताळात. प्रार्थना लांबली होती. माझं कानातलं निसटून पडलं म्हणून मी डोळे उघडले, मागं वळून पाहिलं, तर त्या माझ्याकडंच बघत होत्या. चोरी करताना सापडावं तशी मी गोरीमोरी झाले. उपासना संपल्यावर त्यांनीच मला गाठलं. "नवी सून ना तू? कानातलं पुढच्या बाकाखाली गेलंय." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "अशी बघू नकोस. सगळ्यांनी डोळे मिटले तर लक्ष कुणी ठेवायचं?"

कशावर लक्ष, ते त्यांनी सांगितलं नाही.

आमचं गाव अलिबागपासून एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर, खाडीच्या तोंडाशी. खाली कोळीवाडा, वर नारळीपोफळीच्या वाड्या आणि त्यातल्या विकल्या गेलेल्या वाड्यांत मुंबईकरांचे बंगले. ख्रिस्ती घरं मोजकीच. मेट्रनबाई मूळच्या तळा तालुक्यातल्या. तरुणपणी विधवा झाल्या आणि घाटावरच्या एका मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून लागल्या. वसतिगृह बंद पडलं तेव्हा भावाच्या आधारानं इथं आल्या आणि चर्चमागच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. भाऊ गेला, पण त्या राहिल्या. त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कोळणींपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या त्या मेट्रनबाईच.

संशय घ्यायला त्यांना कारण लागत नसे. मासे घेताना पापलेटचे कल्ले उघडून बघायच्या, वास घ्यायच्या, मग बर्फ कुठला म्हणून विचारायच्या. एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "बाय, म्हावरा घेतंस का त्याची जबानी घेतंस?" मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या, "ते बोलत नाही, म्हणून तुला विचारते." एखादा गोड बोलायला लागला की त्या हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघायच्या. त्यांच्यासमोर कुणाची स्तुती करायची सोय नव्हती. 'फार चांगला माणूस आहे' असं कुणी म्हटलं की त्या 'असेल' म्हणायच्या आणि त्या एका शब्दानं समोरच्याचा निम्मा उत्साह ओसरायचा. मला सुरुवातीला त्यांचा राग यायचा. इतकी वर्षं मुलींच्या खोल्यांवर पहारा करून यांचं मनच कडवट झालंय, असं वाटायचं.

तेव्हा आमच्या चर्चमध्ये बायकांनी काय करायचं हे ठरलेलं होतं. फुलं ठेवायची, प्रभुभोजनाचे पेले धुवायचे, नाताळचा फराळ करायचा, गाणी म्हणायची. मंडळीचा कारभार बघणारे पंच पुरुषच व्हायचे. वेदीपुढं लाकडी कठडा होता आणि त्याच्या आत बायकांनी जायचं नाही, असा दंडक होता. आदल्या दिवशी झाडायला, पुसायला मात्र आम्हीच जायचो. मेट्रनबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि मी चिटणीस. वर्षातून एकदा महिला रविवार असायचा, त्या दिवशी बायकांनी उपासना चालवायची, तीही कठड्याबाहेर मांडलेल्या टेबलामागून. मेट्रनबाई अध्यक्ष असून त्या दिवशी एक शब्द बोलायच्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "एक दिवस बोलायला दिलं म्हणून मी आभार मानायचे. म्हणजे बाकीच्या दिवसांचं मला मान्य आहे, असंच झालं की नाही?"

नवे पाळक आले तेव्हा माझी मुलगी रूथ आठवीत होती. पाळक तरुण होते, गळा गोड, गिटार वाजवायचे, सगळ्यांची नावं आठवड्याभरात पाठ. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच त्यांनी जाहीर केलं, की यापुढं शास्त्रवाचन बायकाही करतील आणि ते कठड्याच्या आत, व्यासपीठावरून. पंचांतले सगळ्यात वडील, त्या मोठ्या पंचांचा चेहरा पडला. त्यांनी पौलाच्या पत्रातलं वचन काढलं, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं सांगणारं. पाळक हसून म्हणाले, "ते त्या काळच्या त्या गावाला लिहिलेलं पत्र आहे, आपल्या गावाला नव्हे." आम्ही बायकांनी त्या माणसाला आरती ओवाळायची तेवढी बाकी राहिली.

पहिलं वाचन माझ्याकडं आलं. त्या जागी मी किती शनिवार वाकून केर काढला होता, पण तिथं सरळ उभी राहून मी मंडळीकडं कधी बघितलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी माझा आवाज मलाच ऐकू येईना. मग येऊ लागला. खाली आले तेव्हा बायका डोळे पुसत होत्या, आणि आमच्या ह्यांनीसुद्धा, जे कधी काही बोलत नाहीत, घरी जाताना 'बरं वाचलंस' म्हटलं.

संध्याकाळी मेट्रनबाई आल्या. "छान वाचलंस," म्हणाल्या. "कठडा उघडला हे चांगलंच झालं. पण उघडला कुणी?"

"पाळकांनी."

"मंडळीनं ठराव केला?"

"नाही. त्यांनी सांगितलं आणि झालं."

"म्हणजे त्यांनी सांगितलं की बंदही होईल."

"मेट्रनबाई, आनंदाच्या दिवशी तरी," मी म्हटलं. त्या चहा पिऊन गेल्या.

पुढं पाळकांनी मुलींसाठी वाचनाचा सराव सुरू केला. दर गुरुवारी दुपारी, त्यांच्या घरी, एकेकीला वेगळं. सगळ्यांसमोर मुली लाजतात, असं त्यांचं म्हणणं आणि ते आम्हाला पटलं. पाळकीणबाई अलिबागला एका दवाखान्यात नर्स होत्या, दुपारी घरी नसायच्या. मुलींत सगळ्यात मोठी एस्तेर, दहावीतली. आवाज चांगला म्हणून सरावाला तिचीच पहिली निवड झाली. काही आठवडे ती गेली, मग अभ्यासाचं कारण सांगून बंद झाली. गाण्याच्या चमूतूनही तिनं अंग काढून घेतलं. आम्ही म्हटलं, दहावीचं वर्ष आहे. तिच्यानंतर रूथ आणि आणखी दोघींचे नंबर लागले.

या मुलींच्या सरावाच्या पहिल्याच गुरुवारी मेट्रनबाई परातीत बिरड्याचे भिजवलेले वाल घेऊन पाळकांच्या पडवीत जाऊन बसल्या. पाळकांनी विचारलं, "काय बाई, आज इकडे?" त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीत उजेड कमी आहे." आणि वाल सोलत बसल्या. मुलीचा सराव संपला की उठून जायच्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा त्याच. पाळकांनी आधी चहा देऊन बघितला. मग एकदा, बाहेरच्या आवाजानं मुलीचं लक्ष विचलित होतं म्हणून, दार लोटून घेतलं. मेट्रनबाईंनी उठून ते उघडलं आणि उंबऱ्याला पाटा लावून ठेवला. "उकडतंय. वारा येऊ दे." हे मला रूथनं घरी येऊन हसत हसत सांगितलं. तिला ती गंमत वाटली होती. मला लाज वाटली. ज्या माणसानं आम्हाला कठड्याच्या आत घेतलं, त्याच्या दाराशी आमचीच अध्यक्ष पोलिसासारखी बसली होती.

पाळकांनी पंचांकडं तक्रार केली. चर्चमागच्या खोलीत सभा बसली. मेट्रनबाईंना बोलावलं आणि चिटणीस म्हणून मलाही. सगळे पंच एका बाजूला, पाळक खिडकीपाशी खाली मान घालून. आम्ही दोघी दाराजवळच्या बाकावर.

मोठ्या पंचांनी विचारलं, "मेट्रनबाई, तुम्ही पडवीत का बसता?"

"वर्ग चालू असतो म्हणून."

"पाळकांविषयी तुमची काही तक्रार आहे?"

"नाही."

"काही पाहिलंत? काही ऐकलंत? कुणी मुलगी काही बोलली?"

"नाही."

"मग?"

"पाहायची वेळ येऊ नये म्हणून बसते."

मोठे पंच लाल झाले. "म्हणजे तुम्ही देवाच्या सेवकावर नुसता संशय घेता?"

"मी वसतिगृहात असताना तपासणीला पाहुणे यायचे," मेट्रनबाई म्हणाल्या. "मोठमोठे, प्रार्थना करणारे लोक. मी सगळ्यांच्याच मागं उभी राहायची. चांगल्या माणसाला त्याचा त्रास झालेला मी पाहिला नाही. यांना का होतोय?"

पाळकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी बाईंना मनापासून क्षमा केली आहे," ते म्हणाले.

"मी मागितली कुठं?" मेट्रनबाई म्हणाल्या.

ठराव तिथंच झाला. मेट्रनबाईंनी पाळकांच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. महिला मंडळाचं अध्यक्षपद सोडायचं. आणि मंडळीसमोर माफी मागेपर्यंत त्यांना प्रभुभोजन मिळणार नाही. रविवारी मोठ्या पंचांनी हे व्यासपीठावरून वाचून दाखवलं. मेट्रनबाई शेवटच्या बाकावर बसून ऐकत होत्या. थोड्या वेळानं भाकर आणि द्राक्षारस फिरला, त्यांच्यासमोरून पुढं गेला.

पुरुषांपेक्षा बायका जास्त चिडल्या. "एवढ्या वर्षांनी पायरी चढायला मिळाली, ती हिच्या एका खोडीनं जायची," एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, "स्वतःला मूलबाळ नाही ना, म्हणून दुसऱ्यांच्या मुलींत नाक खुपसते." मी ऐकत होते. मला त्यांचंही पटत होतं. आणि मेट्रनबाईंचा सभेतला तो प्रश्नही डोक्यातून जात नव्हता. पाळकांना कशाचा त्रास होत होता?

बुधवारी मेट्रनबाई आमच्या मागच्या दारी आल्या. पुढच्या दारानं आल्या तर मला बोलणी बसतील म्हणून. आत आल्या नाहीत.

"उद्या रूथचा नंबर आहे. तू बस."

"मेट्रनबाई, माझा नाही हो विश्वास बसत. तुम्हाला खरंच वाटतं तसं असेल?"

"मला काही वाटत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याच्यावरही ठेवू नकोस. नुसती जाऊन बस."

मी गुरुवारी जाऊन बसले. हातात काहीतरी हवं म्हणून रूथचा शाळेचा फ्रॉक आणि सुईदोरा नेला. पाळकांनी मला पाहिलं आणि क्षणभर त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. "तुम्हीसुद्धा, वहिनी?" ते म्हणाले. मी म्हटलं, "ऐकायला आले, तिला घरी सांगता येईल." त्यांनी रूथला पाच मिनिटांत सोडलं. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या मुलीची आई माझ्या शेजारी येऊन बसली. तिला मी सांगितलं नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाळकांनी निरोप दिला, की सराव बंद.

एवढंच नाही. पुढच्या रविवारी ते व्यासपीठावरून म्हणाले, की आपल्या भगिनींमध्ये अजून आत्मिक परिपक्वता आलेली नाही, त्यामुळं शास्त्रवाचन काही काळ पंचच करतील. मोठे पंच सुखावले. आम्ही पुन्हा शनिवारी झाडायला कठड्याच्या आत जाऊ लागलो. मेट्रनबाई मला एका शब्दानं 'बघ' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर्ष संपायच्या आत पाळकांनी स्वतःहून बदली मागून घेतली. टेम्पो भरत होते त्या सकाळी मी मेट्रनबाईंकडं ताक द्यायला गेले होते. पाळकीणबाई आल्या. गणवेशातच होत्या, रात्रपाळी करून आलेल्या. दारात उभ्या राहिल्या. मेट्रनबाईंनी बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"बाई," त्या म्हणाल्या, "पुढच्या गावातही तुमच्यासारखं कुणी असलं तर बरं होईल."

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "तू आहेस ना तिथं," म्हणाल्या.

टेम्पोचा हॉर्न वाजला आणि पाळकीणबाई गेल्या.

त्या बाईला काय माहीत होतं, काय नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. रूथला मी कितीदा विचारलं असेल. ती नेहमी म्हणते, "आई, माझ्याशी काही झालं नाही. बाई होत्या, मग तू होतीस." मला तेवढं पुरायला हवं, पण पुरत नाही.

पुढं बायकांना पंच होता येईल असा नियम वरून आला. तोवर गावातली तरुण माणसं पनवेल, नवी मुंबईला गेली होती, उपासनेला निम्मे बाक रिकामे असायचे. मी उभी राहू का, म्हणून मेट्रनबाईंना विचारायला गेले, तर म्हणाल्या, "राहा. पण पुरुष मिळेनात म्हणून तुला घेतायत, हे लक्षात ठेव. मान मिळाला म्हणून हुरळून जाऊ नकोस." मी निवडून आले. पहिल्याच सभेत मी त्यांच्यावरची शिक्षा मागं घ्यायचा विषय काढला. मोठे पंच म्हातारे झाले होते. "जुनं कशाला उकरायचं?" म्हणाले. "त्यांना म्हणावं, पुढच्या रविवारी शांतपणे घ्या प्रभुभोजन. कुणी अडवणार नाही."

मी हा निरोप नेला. मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला. "शिक्षा माईकवरून वाचली होती," म्हणाल्या. "आता शांतपणे का?" आणि त्या रविवारीही भाकर समोरून गेली, त्यांनी हात पुढं केला नाही.

मेट्रनबाईंच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडं बाई पाळक आल्या. तिशीतल्या, लहानखुऱ्या, स्कूटीवरून यायच्या. आम्हाला अप्रूप. मेट्रनबाई तोवर खाटेला खिळल्या होत्या, पण संशय शाबूत होता. "जिथं कुणी यायला तयार नसतं तिथं बाई पाठवतात," मला म्हणाल्या. एका दुपारी बाई पाळक प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन त्यांच्या खोलीत आल्या. मी पायाशी बसले होते.

"कुणाला विचारून आलीस?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"माझ्यावर ठराव आहे."

"माहीत आहे. मी वाचलाय तो. मला तो चुकीचा वाटतो."

"उद्या तुला बोलतील."

"बोलू देत."

मेट्रनबाईंनी तिच्या तोंडाकडं, हातांकडं, पेटीकडं नीट बघून घेतलं. मग मला म्हणाल्या, "उशी उंच कर." बसत्या झाल्यावर त्यांनी दोन्ही हात एकावर एक ठेवून पुढं केले. भाकर घेतल्यावर त्या बराच वेळ चघळत राहिल्या, एरवी आपण गिळून टाकतो तशी गिळली नाही.

त्या आठवड्याभरातच गेल्या.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. बाहेरगावी गेलेले सगळे आले होते. कोळीवाड्यातल्या बायकाही येऊन मागं उभ्या राहिल्या होत्या. मोठे पंच काठी टेकत उठले आणि मेट्रनबाई म्हणजे मंडळीची आई होती, प्रार्थनेची स्त्री होती, असं बोलले. लोक माना डोलावत होते. मला ते ऐकवेना. ते बसल्यावर मी बाई पाळकांकडं बघितलं. त्यांनी बाजूला होऊन जागा दिली.

मी कठड्याच्या आत गेले आणि माईकवर म्हटलं, "यांना मंडळीनं प्रभुभोजनापासून दूर ठेवलं होतं. मुलींच्या वर्गाच्या वेळी त्या पडवीत बसल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. तो ठराव चुकीचा होता. पंच म्हणून मी तो मंडळीसमोर मागं घेते."

मोठे पंच पुटपुटले, "ही वेळ नव्हे." एक-दोघांनी त्यांना दुजोरा दिला. कुणीतरी गाणं सुरू करा म्हणून खूण केली.

तेवढ्यात मधल्या बाकावरून एस्तेर उठली, पाळकांकडं सगळ्यात आधी सरावाला गेलेली. लग्न होऊन ती पनवेलला असते, कितीतरी वर्षांनी चर्चमध्ये आली होती. कडेवर झोपलेलं मूल होतं. तिनं मोठ्या पंचांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. शवपेटीकडं बघत ती म्हणाली, "मी आधी जात होते. बाई बसायला लागल्या त्याच्या आधी."

गाणं सुरू झालं नाही. मोठ्या पंचांची काठी बाकावरून घसरून खाली पडली आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही. एस्तेर उभीच होती, तिच्या आजूबाजूचे लोक समोर बघत बसले होते.

मी माईक तसाच सोडून खाली उतरले, तिच्या बाकापाशी गेले, मूल माझ्याकडं घेतलं आणि तिच्या शेजारी बसले.